‘सेन्सर गेला’ म्हणण्याआधी

माझ्या वर्कशॉपच्या मागच्या फळीवर सिमेंटच्या गोणीची शिवलेली एक पिशवी आहे. तिच्यात सेन्सर आहेत. पोकलेनच्या इंजिनांतून वर्षानुवर्षं ‘गेला’ म्हणून काढलेले, मालकाने नवा घेतल्यावर ‘राहू दे तुमच्याकडंच’ म्हणून सोडून दिलेले. ऑइल प्रेशरचे, पाण्याच्या तापमानाचे, रेलचे, क्रँकचे. या पुस्तकाचा लेखक माझ्याकडे हेल्पर म्हणून लागला, त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात हाताला काम नव्हतं म्हणून त्याने ती पिशवी जमिनीवर उपडी केली. पाच व्होल्टचा एक सप्लाय, सायकलचा पंप, चहाच्या पातेल्यात गरम पाणी आणि एक मल्टिमीटर एवढ्या भांडवलावर त्याने एकेक नग तपासला आणि संध्याकाळी मला दोन ढीग दाखवले. खराब सेन्सरांचा ढीग लहान होता. दुसऱ्या ढिगातले ठणठणीत होते, आणि त्यातले बरेचसे माझ्याच हाताने निघालेले होते.

मी चिडलो. ‘पातेलं घासून ठेव’ एवढंच म्हणालो आणि निघून गेलो. रात्री झोप लागली नाही, कारण त्या ढिगातल्या प्रत्येक सेन्सरमागे कोणीतरी हजारो रुपये मोजले होते आणि ते मी मोजायला लावले होते. मग ती यंत्रं दुरुस्त कशी झाली? काही झालीच नव्हती, दुसऱ्या मिस्त्रीकडे गेली. पण बरीचशी झाली होती, आणि त्याचं उत्तर मुलाने दुसऱ्या दिवशी सकाळी दिलं: “काका, नवा बसवताना आपण कपलर काढून परत घट्ट दाबतो ना, बरं होतं ते त्यानं.”

हे पुस्तक त्या दोन ढिगांतून निघालं आहे. त्याची प्रस्तावना मी लिहावी असा लेखकाचा हट्ट. मोठ्या ढिगाचा कर्ता मीच, म्हणून असेल.

आपल्याकडे चेनवर चालणाऱ्या, वरचा भाग गरगर फिरणाऱ्या प्रत्येक खोदाई यंत्राला पोकलेन म्हणतात. पोकलेन ही मुळात फ्रान्समधली कंपनी. तिची यंत्रं लार्सन अँड टुब्रोने भारतात बनवली आणि नाव इतकं रुजलं की आज कोमात्सू, टाटा हिताची, ह्युंदाई, व्होल्वो, सॅनी काहीही असो, गावात पोकलेनच येतं. ते पहिल्या पिढीचं पोकलेन ज्यांनी उघडलं आहे त्यांना आठवत असेल, इंजिनावर वायरी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. स्टार्टर, अल्टरनेटर, एक ऑइलचा स्विच, एक पाण्याचा. इंजिन बंद पडलं तर डिझेल येतंय का बघायचं, हवा काढायची, नोझल बघायचे. आवाजावर आणि धुरावर निदान व्हायचं, आणि चांगला मिस्त्री म्हणजे चांगला कान.

पुढे केबिनमधल्या डायलवरून रेस चढवणारी मोटर आली. पंपाचा लिव्हर ती ओढायची, आणि ती कुठवर फिरली हे सांगायला एक पोझिशन सेन्सर तिच्यासोबत असायचा. माझी पहिली फजिती या सेन्सरने केली. मोटर बदलली, पण नव्या मोटरची शून्य जागा आणि पूर्ण जागा कंट्रोलरला शिकवावी लागते हे ठाऊक नव्हतं. दोन दिवस रेस चढ-उतार करत राहिली.

मग कॉमन रेल आलं आणि सगळंच बदललं. मोटारीच्या टायरमध्ये दोन बारच्या आसपास हवा असते; या रेलमध्ये डिझेल १६०० बार आणि त्याहूनही जास्त दाबाने उभं असतं. इंजेक्टर कधी उघडायचा, किती वेळ, एका फेऱ्यात किती वेळा, हे सगळं कंट्रोलर ठरवतो. आणि कंट्रोलरला डोळे नाहीत, कान नाहीत. क्रँक कुठे आहे हे क्रँकचा सेन्सर सांगणार, रेलमध्ये दाब किती हे रेलचा, टर्बोने हवा किती भरली हे बूस्टचा. त्यांच्या सांगण्यावर त्याचा संसार. म्हणून इंजिनात खरोखर काही बिघडलेलं नसतानाही इंजिन आजारी पडू शकतं. सांगणाऱ्याने चुकीचं सांगितलं किंवा सांगितलेलं वाटेत बदललं, तरी पुरे.

इथे एक गंमत आहे, आणि ती ज्याला कळली त्याला अर्धं पुस्तक कळलं. दाब मोजणाऱ्या तीन वायरींच्या सेन्सरला कंट्रोलर पाच व्होल्ट देतो, एक वायर परतीची, आणि तिसरीवरून सेन्सर आपलं उत्तर पाठवतो. हे उत्तर साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंत असतं. शून्य दाब असला तरी सेन्सर शून्य म्हणत नाही, अर्धा म्हणतो. असं का? शून्य आणि पाच ही दोन टोकं मुद्दाम मोकळी सोडली आहेत, तुटलेल्या आणि चिकटलेल्या वायरीसाठी. उत्तर शून्याला टेकलं किंवा पाचाला भिडलं की कंट्रोलर ओळखतो की हे सेन्सरचं बोलणं नव्हे, वाटेत काहीतरी घडलंय. तेव्हा तो जो कोड देतो त्याचा अर्थ ‘सेन्सर खराब’ असा नसून ‘या रस्त्यावर गडबड आहे’ असा असतो. रस्ता कंट्रोलरच्या पिनेपासून सेन्सरच्या पोटापर्यंत. त्यात दोन-तीन कपलर, चार-पाच मीटर वायर, एखादी क्लिप, एखादा उंदीर.

मराठीत ‘गेला’ हे क्रियापद फार सोयीचं आहे. माणूस गेला, फ्यूज गेला, सेन्सर गेला. गेला म्हटलं की पुढे चौकशी संपते, दहाव्या-तेराव्याचा खर्च तेवढा उरतो. मिस्त्री स्कॅनर लावतो, कोड वाचतो, ‘रेल प्रेशर सेन्सर’ एवढे तीन शब्द बघतो आणि निकाल देऊन मोकळा होतो. कोडच्या पुढे आणखी एक आकडा असतो, तो कोणी बघत नाही.

त्या आकड्यावर लेखकाने एक पूर्ण प्रकरण खर्च केलं आहे आणि माझ्या मते पुस्तकातलं सर्वांत मोलाचं प्रकरण तेच. पुष्कळ कंपन्यांची यंत्रं जे १९३९ या पद्धतीने बोलतात. तिच्यात प्रत्येक बिघाडाला दोन आकडे: एसपीएन सांगतो विषय कोणता, एफएमआय सांगतो प्रकार कोणता. १०० म्हणजे इंजिन ऑइलचा दाब, ११० म्हणजे कूलंटचं तापमान, १०२ बूस्ट, १५७ रेल, १९० इंजिनाची गती. आता १०० च्या पुढे ३ किंवा ४ असेल, तर व्होल्टेज ठरलेल्या हद्दीच्या वर किंवा खाली गेलं आहे. वायर, कपलर, सेन्सर बघा. पण १०० च्या पुढे १ असेल, तर सेन्सर शुद्धीवर आहे, रस्ता नीट आहे, आणि तो सांगतो आहे की ऑइलचा दाब खरोखरच धोक्याच्या खाली आहे. पहिल्यात मल्टिमीटर काढायचा. दुसऱ्यात आधी चावी काढायची. कोमात्सूसारख्या कंपन्या आपले वेगळे कोड दाखवतात, सीए या अक्षरांनी सुरू होणारे, पण तिथेही व्होल्टेज जास्त, व्होल्टेज कमी आणि प्रत्यक्ष दाब कमी यांचे कोड वेगवेगळे असतात.

हा फरक न कळल्याने एक इंजिन माझ्या डोळ्यांदेखत गेलं, आणि तिथे ‘गेलं’ हा शब्द अगदी बरोबर आहे. खडी क्रशरवरचं यंत्र, दुसऱ्या मालकाकडून तिसऱ्याकडे आलेलं. दिवा लागायचा, बझर वाजायचा. कोणीतरी सेन्सर बदलला, दिवा तसाच. पुन्हा बदलला. मग कोणीतरी बझरची वायर कापली, आणि त्या दिवसापासून सगळ्यांना शांत झोप लागली. मला बोलावलं तेव्हा क्रँक बेअरिंगला चिकटली होती. सेन्सरच्या जागी वीस मिनिटांत साधा काट्याचा गेज लावला असता, तर खरा दाब डोळ्यांनी दिसला असता. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात, पण इथे तर म्हैस हंबरत होती आणि आम्ही तिचं तोंड बांधलं.

जुन्या यंत्राचा आणि नव्या यंत्राचा फरक मला इथे सांगायचा आहे, कारण हे पुस्तक वापरलेल्या यंत्रांबद्दल आहे आणि ते तसंच असायला हवं होतं. नव्या यंत्रात बिघाड झाला तर बिघाडच शोधायचा असतो. जुन्या यंत्रात आधीच्या माणसांचे हात शोधावे लागतात. स्टार्टर बदलणाऱ्याने न लावलेली क्लिप, एसी बसवणाऱ्याने कंट्रोलरच्या अर्थिंगवर चढवलेली दुसरी अर्थिंग, ‘तात्पुरता’ म्हणून चार वर्षांपूर्वी दिलेला डायरेक्ट सप्लाय, काळी चिकटपट्टी आणि तिच्याखाली पीळ देऊन जोडलेल्या दोन वायरी. माझा अनुभव असा की सात-आठ हजार तास चाललेल्या यंत्रात सेन्सर आपणहून मरण्याचं प्रमाण कमी, आधीचा इलाज बिघडण्याचं जास्त. म्हणून मी हल्ली नव्या गिऱ्हाइकाला ‘काय होतंय’ विचारण्याआधी ‘शेवटी कोणी काय उघडलं होतं’ ते विचारतो. उत्तर क्वचितच खरं मिळतं, पण ऑपरेटर बाजूला उभा असेल तर त्याच्या तोंडाकडे बघावं.

एक उदाहरण रत्नागिरीकडच्या चिऱ्याच्या खाणीवरचं. यंत्र सुरू व्हायचं, रेस मात्र चढत नव्हती. स्कॅनरवर पाच कोड: रेल, बूस्ट, ऑइल प्रेशर, झाडून सगळ्यांचं व्होल्टेज कमी. मालकाने रेलचा सेन्सर मागवला, बसवला, मग बूस्टचा. तिसरा मागवण्याआधी मला फोन. आता तीन साक्षीदार एकाच वेळी एकाच गोष्टीबद्दल गप्प बसले, तर ते तिघं एकदम मुके झाले असं कोण म्हणेल? तिघांना जेवण एकाच ताटातून आहे. पाच व्होल्टची एकच वायर त्या सगळ्यांना वाटून दिलेली. कपलर काढून मोजलं, पाचच्या जागी जवळजवळ शून्य. एकेक सेन्सरचा कपलर काढत गेलो. एखादा सेन्सर आतून शॉर्ट असता तर त्याला सोडवल्याबरोबर बाकीच्यांचे पाच व्होल्ट परत आले असते. आले नाहीत. म्हणजे दोष कोणाच्याच पोटात नाही, वायरीत आहे. शेवटी स्टार्टरच्या मागे जागा सापडली: वायरींचा जुडगा इंजिनाच्या ब्रॅकेटवर घासून घासून, स्लीव्ह फाटून, एक तांबं लोखंडाला टेकलेलं. सहा महिन्यांपूर्वी स्टार्टर बदलला होता. क्लिप खाली मातीत पडली असेल. तिची किंमत चहापेक्षा कमी. आणि खरी मेख पुढे आहे. यादीतला पाचवा कोड ‘सेन्सर सप्लायचं व्होल्टेज कमी’ हाच होता. मूळ रोग पाचव्या ओळीत लिहिलेला होता आणि सगळ्यांनी पहिल्या ओळीवर पैसे खर्च केले.

तापमानाच्या सेन्सरची गोष्ट आणखी वेगळी, कारण तो खोटं बोलतो तेव्हा कोडही येत नाही. त्याच्यात दोनच वायरी. गार असताना त्याचा रेझिस्टन्स जास्त, तापला की कमी. बॉशच्या प्रचलित सेन्सरचे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत: २० अंशांना अडीच हजार ओहम, ८० अंशांना सव्वातीनशेच्या आत-बाहेर, १०० अंशांना १८६. आता शेवटचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. फरक फक्त १३५-१४० ओहमांचा. कपलरच्या पिनेवर हिरवा गंज चढला आणि त्याने वाटेत तेवढीच भर घातली, तर उकळायला आलेलं पाणी कंट्रोलरला ८० अंशांचं दिसेल. दिवा लागणार नाही, बझर वाजणार नाही, कोड येणार नाही, कारण ८० हा अगदी शहाणा आकडा आहे. उलट उंदराने वायर पूर्ण तोडली, तर आकडा उणे चाळिसाच्या घरात जाईल, आणि सोलापूरच्या मे महिन्यात इंजिन बर्फात उभं आहे यावर कंट्रोलरही विश्वास ठेवणार नाही. तो कोड देईल. पूर्ण तुटलेली वायर परवडली, अर्धवट जोडलेली नको.

याच दोन वायरींच्या सेन्सरवर एक बिनखर्ची परीक्षा आहे. कपलर काढा, कोड ‘व्होल्टेज जास्त’ असा यायला हवा. कपलरच्या दोन पिना एका बारीक वायरीने जोडा, कोड उलटून ‘व्होल्टेज कमी’ व्हायला हवा. उलटला, तर कंट्रोलर आणि सगळी वायरिंग निर्दोष. आता खुशाल सेन्सर बदला. उलटला नाही, तर नवा सेन्सर पाकिटातून काढूसुद्धा नका. तीन वायरींच्या सेन्सरवर मात्र हा प्रयोग करायचा नाही; त्यात पाच व्होल्टची वायर आहे आणि चुकून ती टेकवलीत तर वरची खाणीची कथा तुमच्या हाताने पुन्हा घडेल.

जुनं पोकलेन घ्यायला निघालेल्यांसाठी लेखकाने एक प्रकरण लिहिलं आहे. त्याच्यावर माझी एक सूचना होती, ती त्याने मान्य केली: ते प्रकरण पहिलं ठेव. आपल्याकडे मातीकामाचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होतो आणि मृगापर्यंत चालतो. खंडेनवमीला यंत्राला झेंडूची माळ घालायची आणि दसऱ्याला सौदा करायचा, असा पुष्कळांचा बेत असतो. विकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. बकेटला नवे दात, बूमला नवा रंग, मॉनिटर स्वच्छ. मॉनिटर फारच स्वच्छ असेल तर जपा. सात-आठ हजार तास चाललेल्या यंत्राच्या कंट्रोलरमध्ये जुन्या बिघाडांची एकही नोंद नसेल, तर त्याचा अर्थ यंत्र निरोगी असा नाही. काल कोणीतरी पाटी पुसली आहे. असं यंत्र दोन तास पूर्ण लोडवर चालवायचं आणि मग पुन्हा पाटी वाचायची.

आणि जायचं ते पहाटे, इंजिन गार असताना. आधी इंजिनाला हात लावून पाहायचं. कोमट असेल तर तुमच्या आधी कोणीतरी येऊन ‘चालू करून’ गेलं आहे. मग चावी फक्त ऑनपर्यंत फिरवायची, स्टार्टर मारायचा नाही. रात्रभर उभ्या असलेल्या यंत्रात कूलंट, डिझेल, आत येणारी हवा, सगळ्यांचं तापमान जवळजवळ सारखं असतं, बाहेरच्या थंडीइतकं. एकटा कूलंट ८० अंश दाखवत असेल तर कपलरमध्ये हात घाला. मी घातला आहे. सेन्सरऐवजी तिथे पाच रुपयांचा एक रेझिस्टर होता, सुबक टेप गुंडाळलेला. विकणाऱ्याने इंजिन तापण्यावर कायमचा इलाज केला होता. बूस्टच्या सेन्सरचीही अशीच परीक्षा: इंजिन बंद असताना टर्बो फिरत नाही, म्हणून त्याचा आकडा बाहेरच्या हवेच्या दाबाइतकाच हवा. मुंबईत शंभर किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात पंच्याण्णव, महाबळेश्वरला शहाऐंशी. रेल शून्य, म्हणजे अर्धा व्होल्ट. एवढं बघायला पाच मिनिटं लागतात आणि पाना लागत नाही.

पोकलेनच्या बाबतीत आणखी एक फसगत होते, ती ट्रकवाल्यांना माहीत नसते. इथे इंजिन चाकं फिरवत नाही, हायड्रोलिकचे पंप फिरवतं, आणि पंपाने किती ओझं टाकायचं हे इंजिनाची गती बघून ठरतं. गती खाली घसरली की पंपाचा कंट्रोलर पंपाला हात आखडायला सांगतो, म्हणजे इंजिन बंद पडत नाही. गतीची खबरच मिळेनाशी झाली, तर तो सावधपणे पंपाला कायमचं कमी ओझ्यावर ठेवतो. ऑपरेटरची तक्रार काय? ‘बूम स्लो उचलतंय.’ मग लोक पंप उतरवतात, लाखभराची किट टाकतात, आणि बूम तसंच स्लो. दोष असतो फ्लायव्हीलजवळच्या सेन्सरच्या टोकाला चिकटलेल्या लोखंडी कीसात, किंवा दात आणि टोक यांच्यातल्या अंतरात, जे बऱ्याच ठिकाणी जेमतेम एक मिलिमीटर ठेवायचं असतं. याच जातीचे सेन्सर तापल्यावर रुसतात: यंत्र दुपारी बंद पडतं, सावलीत तासभर उभं राहिलं की मुकाट सुरू होतं. अशा वेळी डिझेलला शिव्या देण्यात दिवस जातो. डिझेलचा दोष असतोही, फिल्टर तुंबलेला, पाइपातून हवा ओढलेली, आणि तेव्हा रेल कमी दाब दाखवते ती खरंच दाखवते. ही दोन प्रकरणं वेगळी कशी करायची ते पुस्तकात सविस्तर आहे, मी इथे उष्टावत नाही.

एका गोष्टीवर मात्र इथेच बोलतो, कारण ती रोज डोळ्यांसमोर घडते. साइटवर बकेटचा दात निघाला की वेल्डर येतो, जिथे मोकळं लोखंड दिसेल तिथे अर्थचा चिमटा लावतो आणि सुरू करतो. करंट त्या दातापासून चिमट्यापर्यंत स्वतःला सोपी वाटेल त्या वाटेने जातो. वाटेत बेअरिंग असेल, कंट्रोलरची अर्थिंग असेल, त्याला काय. बॅटरीची निगेटिव्ह काढा, कंट्रोलरचे कपलर काढा, चिमटा वेल्डिंगच्या जागेला खेटून लावा. पंधरा मिनिटांचं काम आहे. हे न केल्याने गेलेला कंट्रोलर आणि सेन्सर यांचं बिल मी करतो तेव्हा मालक माझ्याकडे संशयाने बघतो.

लेखकाशी माझे मतभेद आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. कोडच्या तक्त्यांना त्याने इतकी पानं दिली आहेत की नवा मुलगा तेच पाठ करत बसेल अशी मला भीती वाटते. त्याचं म्हणणं, तक्ता हाताशी नसला की लोक मोबाइलवर भलत्या मॉडेलचा बघतात. तेही खरं. दुसरा वाद स्कॅनरचा. तो स्कॅनर आधी लावतो, मी टॉर्च आधी घेतो. जुडगा बोटांनी चाचपत गेलं, इंजिन चालू असताना एकेक कपलर हलवून पाहिला, की पुष्कळदा मशीन आपणच कण्हून जागा दाखवतं. मात्र चालू इंजिनावर हाय प्रेशरच्या पाइपाचा नट सैल करून ‘डिझेल येतंय का’ बघणारे जुने लोक अजून आहेत, माझ्याच वयाचे. त्यांना हात जोडून सांगतो, ती सवय जुन्या पंपासोबत सोडा. १६०० बारची धार दिसतही नाही आणि कातडीतून आत जाते. बोट कापावं लागतं.

मल्टिमीटरबद्दल आमचं एकमत आहे, आणि त्याच्या मर्यादेबद्दलही. वायरीतल्या वीस तारांपैकी एक शिल्लक असली तरी मीटर ‘पीं’ वाजवतो आणि आपण म्हणतो, वायर ठीक. त्या एका तारेवरून सेन्सरची कुजबुज जाईल, कंट्रोलरचा पूर्ण सप्लाय जाणार नाही. म्हणून सप्लाय आणि अर्थिंग ओझ्याखाली तपासायचं: मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनाच्या अंगावर, आणि हेल्परला म्हणायचं, मार स्टार्टर. चांगल्या अर्थिंगवर आकडा जागचा फारसा हलत नाही. उडी मारली तर ते व्होल्ट वाटेत कोणीतरी खातंय. यंत्रातले कंट्रोलर एकमेकांशी ज्या दोन वायरींवर बोलतात, त्यांच्यामध्ये बॅटरी काढून मोजलं की ६० ओहम यायला हवेत, कारण दोन टोकांना १२०-१२० बसवलेले असतात. १२० आले तर एक टोक तुटलंय. हा एक आकडा ठाऊक नसल्याने लोकांनी कंट्रोलर बदलले आहेत.

पुस्तकाची भाषा मुद्दाम अशी ठेवली आहे, हे वाचकाच्या ध्यानात येईल. सर्व्हिस मॅन्युअल इंग्रजीत असतं, आणि आमच्या मुलांपैकी बहुतेक आयटीआय करून किंवा न करताच आलेले. त्यांच्यासाठी कोणी ‘संवेदक’ आणि ‘विद्युत्‌रोध’ लिहिलं असतं तर ते तिसरी भाषा झाली असती. कपलरला कपलर, जुडग्याला जुडगा, रेसला रेस म्हटलं आहे. काही जाणकारांना हे गावठी वाटेल. त्यांनी एकदा एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता इंजिनाच्या झाकणाखाली डोकं घालून वाचून पाहावं.

वाचकाकडे एक मागणं आहे. या पुस्तकाच्या मदतीने तुम्ही एखादं यंत्र बरं केलंत, तर तिथून तसेच उठू नका. कंट्रोलरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. तारीख, मीटरवरचे तास, काय उघडलं, कोणती वायर कुठून कुठे जोडली, किती व्होल्ट मिळाले. ते यंत्र उद्या विकलं जाईल, दुसऱ्या जिल्ह्यात जाईल, आणि तिथला कोणी अनोळखी मुलगा टॉर्च घेऊन तेच झाकण उघडेल. कागद पेन्सिलने लिहा. बॉलपेनची शाई डिझेल लागलं की पसरते.